गाडीतून न उतरणारा अध्यक्ष

केनवडहून आत वळलं की डांबर जिथं हात टेकतं, तिथं गजेंद्रचं गाव लागतं. गजेंद्र म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेला ड्रायव्हर, गावाचा फौजीभाऊ. नोकरीत त्यानं गाड्या पुष्कळ हाकल्या, पण गावाला ठाऊक आहे ती एकच. शांतिसेनेबरोबर आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशात गेला असताना त्याच्या हाती गस्तीची चिलखती गाडी होती. सुरुंगावरून गेली तरी आतल्या माणसाला काही होऊ न देणारी. त्या गाडीत तो जेमतेम वर्षभर बसला, पण ती त्याच्या डोक्यात कायमची जाऊन बसली.

चहाच्या टपरीवर तो दोन्ही तळहात खालून जोडून दाखवी. "तिचं पोट सपाट नसते. असं निमुळतं असते. खाली सुरुंग फुटला का धमाका दोन बाजूनं निंघून जाते. आतला मानूस जागच्या जागी!" आणि एकदा सुरुंग खरोखरच फुटला होता. गाडी उडाली, आदळली, आतल्या कोणाला खरचटलंसुद्धा नाही. यात गजेंद्रनं काय केलं, तर पट्टा बांधून बसला. पण सांगता सांगता सुरुंग मोठा होत गेला आणि गजेंद्रच्या मिशाही. पराक्रम लोखंडानं केला, छाती यानं फुगवली.

गावी आल्यावर त्यानं एक जुनी जीप घेतली. रिसोडच्या वेल्डरकडून तिच्या पोटाखाली जाड पत्र्याची पाचर बसवून घेतली आणि काचा कायमच्या बंद करून टाकल्या. ती पाचर जरा मोठ्या खड्ड्यात अडके, मग बैल लावून जीप ओढावी लागे. वैशाखात त्या डब्यात बसून बायकोचा, तनुजाचा, जीव उकडून निघे.

"अवो, इथं लोक सोयाबीन पेरतात, तूर पेरतात," ती म्हणे. "सुरुंग कोन पेरून राह्यलं?"

"तुले त्यातलं समजत नाई," गजेंद्र म्हणे आणि तिचा पट्टा ओढून पाही.

असा माणूस आयता सापडल्यावर गाव त्याला मोकळा थोडाच सोडणार? ग्रामसभेत त्याला तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष केला. नाव सुचवलं नथ्थूनं. नथ्थूकडे ट्रॅक्टर, भरपूर वावर आणि त्याहून भरपूर भूक. "ज्यानं आफ्रिकेत शांतता ठेवली, त्याच्यापुढं आपलं गाव म्हंजे काय!" असं तो म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गजेंद्रनं कामही आफ्रिकेच्याच पद्धतीनं सुरू केलं. नळावर बायका भांडू लागल्या, दारूच्या नशेत कोणी कोणाची कॉलर धरली, की जीप येऊन मधोमध उभी राही. इंजिन चालू, काचा बंद, आत पट्टा बांधलेला अध्यक्ष. भांडणारे थोडा वेळ जीपकडे पाहत, मग डिझेलच्या वासानं डोकं धरून घरी जात. गजेंद्र काचेआडून अंगठा वर करी आणि निघून जाई. खाली उतरून कोणाचं काय दुखतंय हे त्यानं कधी विचारलं नाही. गस्तीत उतरायचं नसतं, असं तो सांगे.

मग धुरपताबाईचं प्रकरण आलं. ही एकटी म्हातारी. तिचं वावर इतकंसं, पण त्यात वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावून ती केनवडच्या बाजारात विकायची आणि कोणापुढे हात पसरायची नाही. तिच्या आणि नथ्थूच्या वावरामध्ये धुरा होता, म्हणजे बांध. नथ्थूचा नांगर दर हंगामाला त्याचा एक घास घेई. आता तो अख्खाच गिळणार अशी बातमी तिला लागली, तशी ती गजेंद्रच्या दारात आली.

"गजेंदर, उद्या तो ट्रॅक्टर घालनार हाये. तू फकत धुऱ्यावर येऊन उभा राह्य. भांडू नको. तू उभा दिसला त त्याची हिंमत होनार नाई."

"येतो न माय. गाडी घेऊनच येतो."

"गाडी कायले? पायानं ये." ती उठता उठता थांबली. "तू म्हन्त असते, धमाका बाजूनं निंघून गेला. मंग बाजूले कोन होतं रे?"

इतक्या वर्षांत टपरीवर हे कोणी विचारलं नव्हतं. "पब्लिक," गजेंद्र म्हणाला आणि जीप धुवायला लागला. दारात उभ्या तनुजानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो वेळेवर पोचला, हे कबूल केलंच पाहिजे. पांदणीच्या, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या वाटेच्या, कडेला जीप लावून आत बसला. नथ्थूनं ट्रॅक्टरवरून हात जोडून रामराम केला. गजेंद्रनं सवयीनं अंगठा वर केला. नथ्थूला तेवढं पुरलं. त्यानं नांगर खाली सोडला.

धुरपताबाई धावत जीपकडे आली आणि दोन्ही हातांनी काच बडवू लागली. तिचं तोंड हलत होतं, शब्द आत येत नव्हते. गजेंद्रचा हात दाराच्या कडीवर गेला आणि तिथंच राहिला. त्याला भीती वाटली. नथ्थूची म्हणाल तर तितकीशी नाही. खाली उतरलं, की आपण नुसता पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस उरतो, याची वाटली. तो कडीवर हात ठेवून बसला आणि त्याच्या डोळ्यांदेखत धुरा गेला, धुऱ्यालगतची वांग्याची ओळ गेली.

नथ्थू गावभर सांगू लागला, की तिथं धुरा कधी नव्हताच. धुरपताबाईला एकच साक्षीदार हवा होता.

पुढे गावात शांतता नांदते म्हणून गजेंद्रच्या सत्काराचा कार्यक्रम ठरला. तालुक्याहून साहेब आले. नथ्थूनं शाल आणली. भाषणं झाल्यावर साहेबांनी हौसेनं विचारलं, "कोणाची काही तक्रार?" असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे सगळ्या गावाला कळतं. धुरपताबाई मात्र उठली.

"माया धुरा नथ्थूनं नांगरला, साहेब. गजेंदरनं पाह्यलं. त्याले इचारा."

साहेबांनी माइक गजेंद्रकडे सरकवला. मांडवात त्याच्याभोवती ना पत्रा होता, ना काच. शेजारी नथ्थू शालीची घडी मोडत होता. एक वाक्य बोललं असतं तर म्हातारीचं वावर परत मिळायची आशा होती, हे गजेंद्रला पक्कं ठाऊक होतं. त्यानं माइक जवळ ओढला.

"साहेब, मी गाडीत होतो," तो म्हणाला. "काचा बंद होत्या."

"काचंतून दिसत नाई काय रे बाप्पा?" धुरपताबाईनं विचारलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. नथ्थूनं घाईघाईनं गजेंद्रच्या खांद्यांवर शाल घातली, फोटो निघाला, आणि फोटोत गजेंद्र हसतो आहे.

कार्यक्रम आटोपल्यावर त्यानं तनुजासाठी जीपचं दार उघडून धरलं. ती त्याच्यासमोरून पुढे गेली, धुरपताबाईच्या हातातली थैली घेतली आणि तिच्याबरोबर पायी चालू लागली. गजेंद्र त्यांच्या मागे मागे हळूहळू जीप नेत राहिला. तनुजा चालता चालता म्हातारीला काही सांगत होती. आपल्याविषयीच असणार, एवढं त्याला कळलं. पण आत काही ऐकू येत नव्हतं.