माझी नेमणूक नळावर

“धुण्यापुसण्याचं काम तुमच्या लोकांना जन्मजात जमतं. तू आपली नळावर थांब.”

मोठ्या बाई असं बोलल्या आणि गोड हसल्या. शिवी देणारा माणूस परवडतो. त्याला उलट शिवी हासडता येते. हसणाऱ्याला काय हासडणार?

बदलापूर गावातलं देऊळ. देवळाच्या सभामंडपात बालवाडी भरायची. आम्ही बालसेविकेच्या ट्रेनिंगच्या बायका तिथं पहिल्यांदाच प्रात्यक्षिकाला आलो होतो. बाकीच्या चपला काढून आत शिरल्या. माझा एक पाय पायरीवर होता, एक खाली. बाईंनी बोट दाखवलं. आवाराच्या कोपऱ्यात नळ. नळाखाली शेवाळलेली फरशी. पायरीवरचा पाय मी खाली घेतला.

मी मुळात थापाडी बाई. अंबरनाथच्या आमच्या बौद्धवाड्यात कुणालाही विचारा. हिच्या तोंडातून उंदीर निघाला तर ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत त्याचा हत्ती होतो, असं सांगतील. तेव्हा आधीच सांगून ठेवते. ह्यात मीठमसाला आहे. पण जिथं माझा आवाज बारीक होईल, तिथं समजा मसाला संपला.

ट्रेनिंगचं खूळ माझ्या डोक्यात घातलं ते उल्हासनगरच्या सेठाणीनं. कॅम्प पाचमध्ये मी तिची जुळी पोरं सांभाळायचे. पोरं कसली, दोन वादळंच होती. एकदा दोघांनी मिळून कपाट गिळायला घेतलं होतं, मी वेळेवर पोचले म्हणून हँडलवर भागलं. अशी पोरं माझी गोष्ट लागली की मांजरं व्हायची. सेठाणी सिंधी, बोलायची हिंदीत. म्हणाली, “अरी, तू इधर क्या कर रही है? ट्रेनिंग कर ले. सर्टिफिकेट मिलेगा तो कुर्सी पे बैठेगी.”

खुर्चीचं मला फारसं नव्हतं. पण आमच्या वस्तीत नवी बालवाडी सुरू होणार, अशी बातमी होती. आमची पोरं दिवसभर गटाराच्या कडेला. आया कंपन्यांत, नाहीतर कॉलनीत भांड्यांना. मला ती बालवाडी पाहिजे होती. आमच्या पोरांना आमच्यातलीच बाई गोष्ट सांगतेय, एवढंच चित्र डोक्यात. त्यासाठी बालसेविकेचं सर्टिफिकेट लागणार होतं. म्हणून मी एका महिला मंडळाच्या वर्गात नाव घातलं.

मोठ्या बाई वर्गाच्या प्रमुख. कारखान्यातल्या बड्या ऑफिसरच्या मिसेस. अंबाडा एवढा की त्यात चिमण्यांची चाळ बसली असती. भाषण मात्र फार सुंदर. “लेकरू म्हणजे ओल्या मातीचा गोळा. त्याला जात नाही, धर्म नाही.” ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटायचं, ह्या बाईला तर आमच्या वस्तीत न्यावं, जयंतीच्या स्टेजवर उभी करावी.

प्रात्यक्षिकात चार कामं. गोष्ट, गाणी, खाऊवाटप आणि स्वच्छता. नियम असा की प्रत्येकीनं आलटून पालटून चारही करायची, कारण परीक्षेत चारही विचारणार. सगळ्यांचे नंबर फिरले. माझा नळाला चिकटला.

एकदा विचारलं. “बाई, माझा गोष्टीवर नंबर कधी?”

“अगं, मंडपात गावाचा देव आहे. मला काही वाटत नाही गं. पण लोकांचं पाहावं लागतं.”

मला काही वाटत नाही. हे वाक्य मी नंतर पुष्कळांच्या तोंडून ऐकलं. जे करायचं ते लोकांच्या नावावर आणि मन आपलं साफ.

बरोबर एक कुंदा होती. बदलापूर गावातल्याच शेतकरी घरातली. हुशार होती, पण गोष्ट सांगायची अशी, की सशालासुद्धा वाटावं, कासवानं मला लवकर हरवून मोकळं करावं. ती मला नावानं हाक मारत नसे. “ए नळवाली, हा बघ, ह्यानं घाण केली,” म्हणायची आणि पोराला पायरीवरून खाली सोडायची.

मी पोरांना धुवायचे. हात, तोंड, नाक, ढुंगण. मला त्याचा कमीपणा नव्हता. लेकराची घाण कसली. पण तोंड गप्प बसेना. त्या नळाला पाणी करंगळीएवढं यायचं. एका शेंबड्यानं विचारलं, “बाई, पानी बारीक का?”

म्हटलं, “बारवी धरणात एक मासा आहे. आगबोटीएवढा. तो फिरायला निघाला आणि पाइपात शिरला. आता अडकलाय. डोकं तुमच्या नळात, शेपटी अजून धरणात. त्याच्या मिशांच्या फटीतून येतं तेवढंच पाणी.”

पोरगं नळाला डोळा लावून बसलं. मग आत जाऊन त्यानं काय सांगितलं कुणास ठाऊक. थोड्या वेळानं दुसरं आलं करंगळी वर करून. मग तिसरं. दुसऱ्या दिवशी तर मंडपात कुंदा गोष्ट सांगायला बसली की करंगळ्यांचं शेत उगवायचं. सगळ्यांना एकदम लागलेली. बाहेर येऊन मुतायचं कुणीच नाही, सगळी नळाभोवती उकिडवी. “बाई, मासा काय बोलला?” मी माशाचं लग्न लावलं. वरात कल्याणच्या खाडीपर्यंत नेली. बदलापुरात तेवढी मोठी वरात आजवर झाली नाही.

मला वाटलं, मी जिंकले. मंडपात नाही तर नळावर, पण गोष्टीवर माझा नंबर लागला. इथंच चुकलं माझं गणित.

मंडप रिकामा आणि नळावर जत्रा, हे मोठ्या बाईंनी पाहिलं. गोष्टीसाठी पोरं उठतात हे मानायचं कसं? मग कारण शोधलं गेलं. पोरांना आजार झालाय. एवढी लघवी होते म्हणजे पोटात काहीतरी गेलंय. कुंदानं ते गावात नेलं. सकाळी आया येऊन उभ्या.

“काय चारतंस गो आमच्या पोरांना?” एकीनं विचारलं.

“काही नाही. गोष्ट सांगते.”

“गोष्टीनं मुतायला व्हतं काय?”

पोरं तिथंच होती. एकानंही सांगितलं नाही. ती तरी कशाला सांगतील? खरं सांगितलं असतं तर उद्यापासून बाहेर सोडलं नसतं. आपापली करंगळी मुठीत दाबून गप उभी.

मोठ्या बाई म्हणाल्या, “तिची पिशवी बघा. संशय नको.”

माझी कापडी पिशवी नळाजवळच्या खुंटीला होती. मी काढायला हात केला. “तू थांब,” म्हणाल्या. कुंदा पुढं आली. तिनं कोपऱ्यातला खराटा उचलला. खराट्याच्या दांड्यानं पिशवी खाली पाडली. दांड्यानंच उलटी केली. वही पडली. कंगवा पडला. माझा डबा पडला, झाकण उडालं. भाकरी आणि सुकटीची चटणी. ओल्या फरशीवर.

आता ज्यांच्या घरात सुकटीचा वास कुडाच्या भिंतीत मुरलेला, त्यांनी नाकाला पदर लावला.

“देवाच्या आवारात!” कुणीतरी म्हणालं.

मी खाली बसून डबा भरला. ओली भाकरी, शेवाळ लागलेली चटणी, सगळं आत भरलं. का भरलं माहीत नाही. खाणार नव्हतेच. मला बोलता येतं, माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात. त्या सकाळी जीभच नव्हती तोंडात.

“हे बघ, मी तुला काढत नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पण मुलांना हात लावायचा नाही. वरून पाणी सोड फक्त. ती आपली आपण धुतील.”

वरून पाणी. माझ्या आईला गावी विहिरीवर असंच पाणी मिळायचं. ती खाली बसायची, ओंजळ धरायची, कुणीतरी उंचावरून ओतायचं. आम्ही शहरात आलो, धर्म बदलला, वस्तीत नळ आला, मला वाटलं ते ओतणं संपलं. आता तांब्या माझ्याच हातात दिला होता. आणि खाली लेकरं.

इथं माझा आवाज बारीक होतो.

एक मुलगी होती, अडीच-तीन वर्षांची. तिच्या डोळ्यांत साबण गेला. रडायला लागली. डोळे मिटलेले, हात पुढं. हात शोधत शोधत आले आणि माझ्या लुगड्याला लागले. मूठ घट्ट वळली. मी खाली वाकले.

“हात लावू नकोस!” मंडपातून मोठ्या बाई ओरडल्या.

कुंदा धावत आली. तिनं त्या मुलीची बोटं माझ्या लुगड्यावरून सोडवली. एकेक बोट. मुलगी सोडत नव्हती. कुंदा चिडली नव्हती, घाबरली होती. तिलाही वरून कुणीतरी बघत होतं. पण बोटं तिनंच सोडवली. मी तांब्या धरून उभी होते. लेकरू सांभाळायचं शिकायला आलेली बाई, रडणारं लेकरू हातभर अंतरावर, आणि त्याला हात लावला तर आपलं ट्रेनिंग बुडणार.

त्या दिवसापासून मासा बंद. पोरं विचारायची. मी पाणी ओतायचे.

परीक्षेला ठाण्याहून साहेब आले. मंडपात खुर्चीवर बसले, वाटीतले काजू खाल्ले, एकेकीची गोष्ट ऐकली. माझ्याकडे बघून म्हणाले, “ही कोण?”

“ती मदतीला असते,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“साहेब, मी पण परीक्षेला...” मी पायरीखालून म्हटलं.

“हो हो, तुझं पाहिलं,” साहेब म्हणाले. पाहिलं असेल. काजू चावताना माणसाला लांबचं स्वच्छ दिसत असेल.

मंडळाच्या हॉलमध्ये सर्टिफिकेटं वाटली. फुलं, तबक, नारळ. माझा नवरा उल्हासनगरात शिलाईच्या कारखान्यात होता, त्यानं अर्धी सुट्टी टाकली. इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत बसला. कुंदाचं नाव पुकारलं, “बालसेविका.” टाळ्या. सगळ्या बालसेविका झाल्या. शेवटी माझं नाव.

“मदतनीस.”

मी स्टेजवर गेले होते. मोठ्या बाईंनी कागद पुढं केला आणि हळूच म्हणाल्या, “तुझं भलंच केलंय. तुमच्या वस्तीतली बालवाडी कुंदाला मिळतेय. तुला तिच्या हाताखाली घ्यायला सांगितलंय मी. साफसफाई, पाणी, मुलांना आणणं-नेणं. घराजवळ काम. आणखी काय पाहिजे?”

आमच्या वस्तीत. आमच्या पोरांसमोर. मी खाली, कुंदा वर. आमची पोरं पहिली गोष्ट हीच शिकणार होती, न सांगता.

मी हात पुढं केला नाही.

“घे ना,” बाई म्हणाल्या. हसू तसंच.

“नाही घेत.”

“अगं, लोक बघताहेत.”

“बघू द्या. मी बालसेविकेच्या वर्गाला आले होते. तुम्ही मला मदतनीस केलंत, शिकवून नाही, उंबऱ्याबाहेर उभी करून. हा कागद माझा नाही.”

कागद तसाच हवेत. टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळेना. एका आजोबांनी वाजवल्या आणि मग थांबवल्या.

ह्यानंतर मी धडाधडा पायऱ्या उतरले आणि हॉल हादरला, असं सांगायला मला फार आवडलं असतं. हॉल हादरला नाही. पुढचं नाव नव्हतं, म्हणून आभाराचं भाषण सुरू झालं.

बाहेर नवरा म्हणाला, “कागद तरी घ्यायचा. कागदाला काय होतं?”

“तुला पाहिजे असेल तर जाऊन आण. त्यावर तुझं नाव टाकून घे.”

तो तिकिटं काढायला गेला.

बालवाडी सुरू झाली. कुंदा आली. पाणी बदलापुरातून बाटलीत घेऊन यायची, आमच्या वस्तीतलं पीत नव्हती. मदतनीस म्हणून आमच्यातलीच दुसरी बाई लागली, गरजू होती, तिला कशी नावं ठेवू? ती पोरांना धुवायची. कुंदा खुर्चीवरून गोष्ट सांगायची. माझा स्वतःचा पोरगा त्या घोळक्यात बसायचा. घरी येऊन म्हणाला, “आई, बाई खुर्चीवर असतात. आपण खाली असतो.” मी त्याला मारलं नाही, जवळ घेतलं नाही. ऐकून घेतलं.

वर्षानं नव्या वर्गाची पाटी लागली. मी जाऊन नाव घातलं. मोठ्या बाई नको म्हणू शकल्या नाहीत, जागा शिल्लक होत्या. “पुन्हा कशाला?” एवढंच म्हणाल्या.

पुन्हा प्रात्यक्षिक आलं. पुन्हा तेच देऊळ, तीच पायरी. “तू आपली—” बाईंचं वाक्य सुरू झालं. मी चपला काढल्या, पायरी चढले आणि मंडपाच्या मधोमध मांडी घालून बसले. पोरं माझ्याभोवती सरकली. दारात बायका जमल्या. पुजारी जमला. गावातले दोन-चार पुरुष जमले. मी मांडी आणखी घट्ट घातली.

“ऊठ,” मोठ्या बाई म्हणाल्या. आज हसू नव्हतं. “ऊठ म्हणते ना. नापास करीन तुला.”

“करा.”

“मग ऊठ आणि बाहेर हो.”

मी पदर खोचला. म्हटलं, “बाई, मी आपल्या पायांनी बाहेर जाणार नाही. मला उठवायचं तर दंडाला धरून उठवा. शिवा मला. सगळ्यांसमोर शिवा आणि मग काढा.”