घोषवाक्यवाले शेजारी

आमच्या सालवडच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे शेजारी एका केमिकल कंपनीत सेफ्टीची घोषवाक्यं लिहितात. 'नाकावर मास्क असेल, तर कपाळी कुंकू दिसेल' हे त्यांचंच. तिथे कामगारांना मास्क वेळेवर मिळत नाहीत, यमक मात्र दर महिन्याला नवं मिळतं. घरीही तेच. जिन्यात त्यांनी 'कचरा टाका डब्यात, आरोग्य येईल ताब्यात' असं रंगवलंय. डबा अजून यायचाय. नळाला पाणी आलंय एवढं सांगायलाही हा माणूस ओठ हलवत दुसरी ओळ शोधत उभा राहतो, तोवर पाणी जातं.

मागच्या रविवारी भरदुपारी एमआयडीसीकडून उग्र वास आला आणि डोळे चुरचुरायला लागले. आम्ही आपले खिडक्या लावत बसलो. हे मात्र तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एकेक दार बडवत ओरडत सुटले, "पळा! पळा!" सगळी इमारत पळाली. हे खोकत खोकत सगळ्यांच्या शेवटी बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले. घसा बसलेला, मान खाली. मी आभार मानणार, तोच म्हणाले, "वहिनी, कालचं जरा कच्चंच झालं. यमक जुळवायला वेळच नाय मिळाला."