वडिलांचा साक्षीचा कोट
डांबराच्या गोळ्यांचा वास आला की वडिलांचा साक्षीचा कोट आठवतो. विहिरीचा दावा आम्ही त्यांच्या एकट्याच्या साक्षीवर जिंकलो होतो, पण पुढे नवा कागद निघाला म्हणून कोपरगावच्या न्यायाधीशांनी फेरसुनावणी लावली. त्याविरुद्ध आम्ही अपिलात गेलो, कारण तोवर वडिलांना नातवंडांची नावंही आठवेनाशी झाली होती. अपिलाच्या निकालादिवशी ते कोट घालून ओट्यावर बसले होते आणि मी, त्यांची लेक, मोबाईल धरून शेजारी. फोनवर वकील म्हणाले, "अपील फेटाळलं. त्यांना पुन्हा साक्ष द्यावी लागेल." वडील शांतपणे म्हणाले, "देतो की. बाई, विहीर कुणाची हाय, तेवढं सांगून ठेव." मी सांगितलं. कोर्टात ते कुठंच अडखळले नाहीत, आणि ती साक्ष त्यांची होती की माझी, हे कोट उन्हात टाकताना मला अजून ठरवता येत नाही.