उपड्या ड्रमांवरची सभा

तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की पुंडलिकनगरातली ती दुष्काळातली दुपार आठवते. गल्लीच्या तोंडाशी, बायकांच्या रांगेत प्लास्टिकचा रिकामा ड्रम घेऊन पाण्याच्या टँकरची वाट बघत मी मोबाईलवर अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याचा ऑनलाइन धडा ऐकत होते. “काय म्हणतोय तो?” शेजारच्या खालांनी विचारलं. “राजा न विचारता कर लावायचा, म्हणून लोक चिडले.” “इथं तरी कोण विचारतं? गल्लीच्या टोकाला थेंब पोचत नाय. मग काय केलं त्यांनी?” “एकत्र बसले.” “मग बसा की!” खालांनी आपला ड्रम उपडा केला, पाठोपाठ आम्ही सगळ्याजणींनी. टोकाची घरं आधी, नाहीतर कुणीच भरणार नाही, असं ठरलं. टँकरवाला कुरकुरला, पण पाइप टोकापर्यंत ओढत नेला. त्या गडबडीत बंद केलेला धडा मी अजून पुरा ऐकलेला नाही. एकत्र बसल्यावर पुढं काय होतं, ते मात्र पाहिलंय.