ताईचे चार दिवस

२२ फेब्रुवारी. वर्षाची चिंच फोडायला घेतली. दरवर्षी हे काम आम्ही दोघी जावा मिळून करायचो. यंदा मी एकटी. थोरली जाऊ, सुनंदाताई, जानेवारीत गेली. मी नामपल्ली स्टेशनवर नणंदेला आणायला गेले होते, तिथे फलाटावरच दिरांचा फोन आला, ‘‘सुनंदा उठत नाहीये...’’ झोपेतच हृदय बंद पडलं होतं. तेरा दिवस माणसांच्या चहापाण्यात गेले, नंतरचे भांडी जागच्या जागी लावण्यात. रडायला वेळ काढावा लागतो, तो मला अजून मिळालेला नाही.

आमचं घर इकडे तेलुगू मुलखात, नल्लकुंट्यात. मूळचे आम्ही परभणीकडचे शेतकरी. आता सगळे नोकरदार, शिकलेले. पण पाळीचे चार दिवस बाईनं मागच्या खोलीत बाजूला बसायचं, हा सासूबाईंचा नियम कुणी मोडला नाही. एक बसली की दुसरीवर सगळं घर. कामं वाटून घेता घेताच आमचं अहो-जाहो सुटून अगं-तुगं झालं. ताई अगदी नेमानं बसायची. सासूबाई पाहुण्यांना कौतुकानं सांगत, ‘‘मोठीच्या पाळीवर घड्याळ लावून घ्यावं.’’ त्याच वेळी त्या नातवाची वाटही बघत होत्या. ताईला दोन मुली. दुसरीच्या वेळी ती मरता मरता वाचली होती आणि तिसरं नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दीर नुसतं ‘‘बघू’’ म्हणायचे. बघू म्हणजे काय, ते बाईला कळतं.

घरातले पॅड आणायचं काम माझ्याकडे होतं. एकदा लक्षात आलं, ताईचं पाकीट फोडलेलंच नाही. मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. ती चटईवर आडवी होऊन फोनवर तेलुगू मालिका बघत होती.

‘‘ताई, पाकीट तसंच आहे. मग बसलीस कशाला?’’

‘‘हळू बोल. आणि शिवू नकोस, बाजूला आहे मी.’’ वर हसत होती.

‘‘दिवस गेलेत?’’

‘‘जाऊ नयेत म्हणून सुई घेते. तीन महिन्यांनी एक. गौलीगुड्याच्या बाजारात भांडी बघायला जाते ना, तेव्हा.’’

गोळ्या कपाटात सापडल्या असत्या, ऑपरेशनला दवाखान्यात राहावं लागलं असतं. सुईची खूण राहत नाही. पाळीवर मात्र दिसते. पहिले काही महिने तिला वेळी-अवेळी डाग पडत, थेंब थेंब, कधी दोन-दोन आठवडे. तेवढे दिवस बसली असती तर घरभर चौकशी झाली असती. म्हणून महिन्याचे चार दिवस बसायची, बाकीच्या डागांचं बोललीच नाही; पोळ्या लाटत राहिली, देवाचा नैवेद्यसुद्धा तिनंच केला. मग वर्षभरानं पाळी येईनाशीच झाली. रक्त आत साठतंय की काय, म्हणून घाबरून सुई देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, ‘‘अंदर कुछ जमता नै मा. परत पतलीच रहती, तो गिरेगा क्या? सुई छोडे तो आती वापस, जरा देर से.’’ सुईनं आतलं अस्तरच पातळ राहतं, बऱ्याच जणींचं असं होतं, म्हणे. भीती गेली, पण घरी नवी पंचाईत. बसली नाही तर सासूबाई दिवस मोजणार, पेढे मागवणार. म्हणून ती खोटंच बसायला लागली.

‘‘म्हणजे खरं होतं तेव्हा राबलीस, आणि आता काही नाही तर झोपा काढतेस? तुझ्या वाटची भाजी मी चिरायची?’’

‘‘तूही घे सुई.’’

‘‘माझं ऑपरेशन झालंय.’’

‘‘मग भोग!’’

मी चिडले, दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मग वाटलं, तिसऱ्या बाळंतपणात ही गेली तर भाजी कायमचीच आपल्याकडे येईल. तिच्या वाटची भाजी चिरायला घेतली.

एकदा थोरल्या मुलीच्या परीक्षेच्या गडबडीत ताई बसायचंच विसरली. सासूबाईंच्या ते लगेच ध्यानात आलं. तिच्या पानात जास्तीचं तूप पडू लागलं, नणंदेला फोन गेला. त्या संध्याकाळी ताईनं चटई उचलली आणि म्हणाली, ‘‘आली, आई.’’ सासूबाई तोंडाला पदर लावून रडल्या. मी जेवणाचं ताट ठेवायला गेले तेव्हा ताईची मालिका बंद होती. ‘‘त्यांचं रडणं खरं आहे गं...’’ ती म्हणाली, ‘‘पण माझ्या पोरीही खऱ्या आहेत. त्यांना आई नको का?’’ पुढची सुई तिनं चुकवली नाही.

हे सगळं लिहू का, असं मी तिच्या मुलींना विचारलं. धाकटी म्हणाली, ‘‘लिही ना काकू. पण वाचून तूच दाखव, मला इतकं मराठी वाचायला नै जमत.’’

दुसऱ्या दिवशी उठले तर बोटं चिंचेनं काळी आणि कंबर धरलेली. ओट्याकडे न जाता मागच्या खोलीत गेले, ताईची गुंडाळलेली चटई अंथरली. ‘‘मी बाजूला आहे, चहा तुम्ही टाका,’’ नवऱ्याला सांगितलं. सासूबाई भिंतीला धरत दारापर्यंत आल्या, चटईकडे बघत राहिल्या.

‘‘तुझी तर पाळी गेली ना?’’

‘‘गेली, आई. तरी बसलेय.’’

दार लोटलं, आडवी झाले आणि दुपारपर्यंत झोपले.