वाफेवर टिकलेली जेल

आमची सून जेल बनवते. केसांना लावायची नाही, आधीच सांगते, शेजारणीचं दोनदा मागून झालंय. बॅटरीचा एक चुलतभाऊ असतो, सुपरकपॅसिटर. झटकन भरतो, झटकन रिकामा होतो. कार्बन लावलेल्या दोन काळ्या पट्ट्या आणि मध्ये हिची जेल. जेल सुकली की खेळ खलास. हिला ती न सुकणारी हवी होती, मनगटावरच्या यंत्रासाठी.

गेल्या वर्षी एकदाची जमली. पट्ट्या आठवडेच्या आठवडे टिकल्या. तिच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम खूश. नोकरी ठरवणाऱ्या समितीपुढे आकडे ठेवायचे, की तिथली तिची जागा पुढे चालू.

आणि समितीच्या बैठकीच्या तोंडावर सूनबाई घरी आल्या त्या तोंड पाडून. पट्ट्या दुसऱ्या टेबलावर नेल्या, तर जेल वाळून कडक. पहिल्या टेबलाशेजारी कुणाचं तरी गरम पाण्याचं भांडं दिवसभर उघडं असायचं. जेल टिकली होती ती त्या वाफेवर.

माझा लेक म्हणाला, "आकडे खरेच आहेत ना? मग गप्प राहा. जागा गेली तर काय करशील?"

"मनगटाशेजारी गरम पाण्याचं भांडं कोण ठेवणार?" ती म्हणाली.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिनं समितीला सगळं सांगितलं. त्यांनी सहा महिने दिले, तेवढ्यात जमलं नाही तर जागा नाही. मग हवेतलं पाणी ओढून धरणारं मीठ जेलमध्ये घालणं सुरू झालं. जास्त झालं की पाणचट, कमी झालं की पुन्हा वाळणार. घरी ती आमटीतही मीठ विसरायची. मी एक अक्षर बोलले नाही, आणि मी न बोलणं म्हणजे काय ते घरच्यांना विचारा.

शेवटी कोरड्या कपाटात ठेवलेली पट्टी तिनं समितीपुढे नेली. त्यांच्यातल्या सगळ्यात खडूस म्हाताऱ्यानं ती स्वतः वाकवली, पिळली. तिला जोडलेला दिवा लागलेलाच.

"आता हिच्यात खोट काय?" त्यानं विचारलं.

"फार दमट हवेत फुगते," सून लगेच म्हणाली. "कडांतून पाझरते. त्यावर अजून उपाय सापडलेला नाही."

म्हाताऱ्यानं बाकीचे कागद न उघडताच बाजूला सारले. "जागा पुढे चालू. हिचे आकडे मला तपासायचे नाहीत."

हे सुनेनं सांगितलं नाही, मॅडमनी मला फोन करून सांगितलं. नीट ऐकू आलं होतं, तरी मी म्हटलं, "आवाज तुटतोय, परत सांगा."