काळी चार

सगळ्या पोरींनी मिळून गायचं, हे खूळ आमच्या मोठ्या बाईंचं. नागपूरच्या त्या मिशन शाळेत आम्ही मराठी पोरी एका बाकावर, हिंदी बोलणाऱ्या दुसऱ्या, तेलुगू तिसऱ्या आणि रेल्वेच्या बंगल्यांतून येणाऱ्या अँग्लो-इंडियन पोरी थेट खिडकीशी. डब्यात काय आहे हेसुद्धा कुणी कुणाला विचारत नसे. गॅदरिंगसाठी बाईंनी आम्हा सगळ्यांना एकाच गाण्यात कोंबलं. पेटी वाजवायला मी, आणि मधलं कडवं एकटीने गायला खिडकीपाशी बसणारी एक पोरगी.

घरी हे सांगितलं आणि बाबांचा घास हातातच राहिला. ते रेल्वेच्या कचेरीत कारकून होते आणि त्या पोरीचा बाप त्यांचा साहेब.

"तिच्यासंग जपून बोलजो वं," ते म्हणाले. "तुह्या तोंडाले काही धरबंद नाही. साहेब बिघडला तर माही नोकरी गेली समज."

तालमीला मी जीव मुठीत धरूनच पेटी उघडली. पोरगी गोड गात होती, पण तिचा सूर मला सापडेना. एकेक पट्टी दाबत गेले आणि चौथ्या काळ्या पट्टीवर जमलं. मला इतका आनंद झाला की तिच्याकडे बोट दाखवून, सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत ओरडले, "मिल गया! ये काली चार है!"

पेटीवाले गाणाऱ्याचा सूर असाच, पट्टीच्या रंगाने आणि आकड्याने सांगतात. पण तिच्या घरी पियानो होता, पेटी तिने कधी पाहिली नव्हती. भर वर्गात मी तिला काळी म्हणाले, एवढंच तिला ऐकू आलं. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. तिच्या गालांवर रोज थापलेली पावडर ओली झाली आणि ती उठून चालती झाली.

पुढचे तीन दिवस ती शाळेत आली नाही. मी रोज संध्याकाळी दारात उभी राहून बाबांचा चेहरा लांबूनच वाचायचा प्रयत्न करायचे.

"काहून उभी आहे वं इथं?" ते विचारायचे.

"काही नाही," मी म्हणायचे. खरं सांगायची हिंमत कुठली! तिसऱ्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "साहेबानं उद्या सकाळीच बोलावलं मले. काय झालं कोणास ठाऊक." मी पानावरून उठले आणि मोरीत जाऊन ओकले.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. मी तिला हाताला धरून पेटीपाशी ओढत नेलं आणि तिचं बोट एकेका काळ्या पट्टीवर ठेवत मोजलं. "एक, दो, तीन, चार. काली चार. तू नहीं, ये!" माझी जीभ अडखळत होती. "डॅडी को मत बोलना. मेरे बाबा की नौकरी..."

तिने ती पट्टी स्वतःच एकदा दाबून पाहिली.

"डॅडी को मैं क्या बोलेगी?" ती म्हणाली. "घर में सबसे काली मैं. डॅडी तो मेरे को यही बुलाता."

बाबांना कुठल्याशा हरवलेल्या कागदासाठी बोलावलं होतं, हे संध्याकाळी कळलं. पण त्या साहेबाची भीती मात्र मनातून जाईना. आता ती बाबांसाठी नव्हती, त्या पोरीसाठी होती.

गॅदरिंगला साहेब पहिल्याच रांगेत बसला होता आणि बाबा मागे दाराशी उभे होते. ती पुढे आली. चेहऱ्यावर पावडरीचा कणही नव्हता. बापाकडे बघत, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती मला म्हणाली, "काली चार दे."

मी भाता ओढला आणि चौथी काळी पट्टी दाबली.